ब्रेक ऑइल जातं कुठं?

आमच्या दारात २००६ सालची एक छोटी गाडी आहे. पंधरा वर्षं झाल्यावर तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, तेव्हाच घरात विषय निघाला होता की आता ही काढून टाकावी. मग मामंजींचं डायलिसिस सुरू झालं आणि तो विषय मागे पडला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आठवड्यातून तीनदा जयसिंगपूरहून मिरजेला जायचं, चार तास मशीनवर, आणि परत यायचं. आमचे हे नोकरीमुळे बाहेरगावी असतात, मुलं लहान. त्यामुळे गाडी मीच चालवते.

ज्यांच्या घरात डायलिसिस आहे त्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. जाताना माणूस बोलत जातो, येताना पिळून काढल्यासारखा होतो. रक्तदाब उतरलेला असतो, मळमळत असतं. मामंजींच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, त्या हाताला धक्का चालत नाही, म्हणून तो ते पोटाशी धरून बसतात. अशा माणसाला घेऊन जाताना कचकन ब्रेक मारून चालत नाही. लांबूनच अंदाज घेऊन पेडल हळूहळू, एकसारखं दाबावं लागतं. दोन वर्षं असं चालवल्यामुळे ते पेडल किती खाली जातं आणि कुठं धरतं, हे माझ्या पायाला पाठ झालं होतं.

गेल्या कार्तिकात, उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. उदगाव ओलांडून अंकलीच्या पुलाकडे जाताना पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर होता. मी पेडल दाबलं तर ते नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं. सोडून पुन्हा दाबलं तर वरच धरलं. गाडी थांबली, काही झालं नाही. पण मिरजेला पोहोचेपर्यंत मी तेच पुन्हा पुन्हा बघत होते. पहिल्यांदा दाबलं की खोल, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की घट्ट. त्याच दिवशी संध्याकाळी गाडी गॅरेजला दिली.

तिथल्या माणसानं बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघितली. पातळी खाली आली होती. म्हणाला, "हवा धरलीय वैनी." त्यानं हवा काढली, ऑइल भरलं, पुढचे ब्रेक पॅड नवीन बसवले, हँडब्रेक ढिला वाटला म्हणून त्याची वायर ओढून दिली. बिल साडेतीन हजार. पेडल छान वर आलं. मीही निश्चिंत झाले.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी सकाळी डबी बघितली, तर पातळी पुन्हा करंगळीभर उतरली होती आणि पेडलही पुन्हा खाली गेलं होतं. त्या दिवसापासून गाडी दारात उभी केली. मिरजेला भाड्याची रिक्षा करून जाऊ लागलो. रिक्षाचं भाडं एक वेळ सोसता येतं, पण खड्ड्यांतून बसणारे दणके मामंजींना सोसेनात. घरी आले की न जेवता झोपून राहायचे. यांनी फोनवर सांगितलं, "विकून टाकू, दुसरी जुनीच पण बरी घेऊ." बोलणं बरोबर होतं. पण दुसरी जुनी गाडी घेतली तरी तिच्या ब्रेकचं काय झालंय हे ओळखायला कुणाला तरी यायलाच हवं होतं.

आधी पेडल काय सांगतं ते ऐकायचं

मामंजींची सगळी हयात शेतीत गेली. ट्रॅक्टरचं बरंच काम ते स्वतः करायचे. खाटेवर पडल्या पडल्याच त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. "पाय दाबून धरलास तर पेडल जागेवर राहतं का हळूहळू खाली जातं?" "गाडी एका बाजूला ओढती का?" "कुठलं चाक तापतंय का?" मी दर वेळी बाहेर जाऊन बघून यायची आणि हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायची. त्या पानावरचं इथे देते, कारण हे कुठल्याही घरच्या गाडीला लागू पडतं.

ब्रेकमध्ये आपण पायानं दाबतो ते ऑइल. ऑइल दाब पुढे नेतं आणि चाकापाशी पॅड डिस्कला किंवा शू ड्रमला घासतात. आमच्या गाडीला पुढे डिस्क, मागे ड्रम आहेत. ऑइल दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. म्हणून आत हवा शिरली की पेडल स्पंजासारखं लागतं आणि भराभर दोनचार वेळा दाबलं की वर येतं. दाबून धरलेलं पेडल हळूहळू तळाला जात असेल आणि बाहेर कुठं थेंबही नसेल, तर बहुतेक वेळा मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलेलं असतं.

पेडल एकदम दगडासारखं कडक झालं, पायात जोर लावूनही गाडी थांबेना, तर संशय बूस्टरवर. बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो आणि आपल्या पायाला मदत करतो. त्याची परीक्षा घरच्या घरी होते. इंजिन बंद ठेवून पेडल पाचसहा वेळा दाबायचं, म्हणजे ते कडक होतं. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करायचं. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक.

ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर बहुतेक वेळा विरुद्ध बाजूचा पुढचा ब्रेक कमी लागत असतो. पेडल पायाखाली धडधडत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. (एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारताना पेडल थरथरतं, तो दोष नव्हे.) बारीक किंचाळी ऐकू आली तर पॅड संपत आलेत. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर पॅड संपलेत, पुढे जायचं नाही. दूरवर जाऊन आल्यावर एकाच चाकाजवळ जास्त धग लागत असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही, अडकून राहतोय. चाकाला हात लावायचा नाही, तळवा जवळ नेऊन बघायचं.

आमच्या गाडीचं उत्तर असं आलं. दाबून धरलेलं पेडल जागेवर राहतं. बूस्टर ठीक. ओढत नाही, धडधडत नाही, आवाज नाही, कुठलं चाक तापत नाही. फक्त पहिलं दाबणं खोल, दुसरं वर. आणि ऑइल कमी होतंय.

गणित जुळत नव्हतं

हे लिहून झाल्यावर मामंजी म्हणाले, "पॅड नवीन घातलेत ना? मग ऑइल वर यायला पाहिजे होतं, खाली कसं गेलं?"

हा मुद्दा सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. पॅड झिजतात तसा पिस्टन थोडा थोडा पुढे सरकतो आणि त्यामागची जागा ऑइलनं भरते. म्हणून वर्षभरात डबीतली पातळी सावकाश उतरणं यात भिण्यासारखं काही नाही. नवीन जाड पॅड बसवले की पिस्टन मागे ढकलावा लागतो आणि पातळी पुन्हा वर येते. आमचे पॅड तर आठ दिवसांचे. तेवढ्यात पॅड झिजून करंगळीभर ऑइल उतरणार नाही. म्हणजे ते कुठून तरी बाहेर जात होतं. पहिल्या गॅरेजनं भर घातली, पण गेलं कुठं हे बघितलंच नव्हतं. आमच्या सासूबाईंच्या भाषेत, फुटकी घागर भरून ठेवल्यासारखं.

पण खाली तर एकही डाग दिसत नव्हता.

रात्री मी किराणा सामानाचे चार पुठ्ठे उघडून चार चाकांखाली आणि एक इंजिनाखाली अंथरला. सकाळी पाचही कोरडे. मग मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथं चिकटतो तिथं खालून बोट फिरवून बघितलं. कधी कधी तिथलं मागचं रबर गळतं आणि ऑइल बूस्टरच्या पोटात जातं, बाहेर काहीच दिसत नाही. तिथंही कोरडं होतं.

राहिली चाकं. ती बाहेरून कोरडी होती. पण मोबाइलचा उजेड पाडून मागून आतल्या बाजूनं बघितलं, तेव्हा मागच्या डाव्या टायरच्या आतल्या अंगाला धूळ ओली होऊन चिकटल्यासारखा पट्टा दिसला. उजव्या टायरला नव्हता. पावसाळा संपून महिना झाला होता. कापडानं पुसलं तर बुळबुळीत लागलं.

हे ब्रेक ऑइलच की दुसरं काही? आपण सगळे त्याला ऑइल म्हणतो खरं, पण ते इंजिन ऑइलसारखं तेल नाही. आपल्या साध्या गाड्यांत असतं ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे आणि ते पाण्यात मिसळतं. त्या कापडाचा कोपरा मी वाटीभर पाण्यात बुडवला. इंजिन ऑइल किंवा ग्रीस असतं तर वर रंगीत तवंग आला असता. तवंग आला नाही, ते पाण्यात विरून गेलं. (वाटी जुनी, कामातून गेलेली घ्या आणि नंतर टाकून द्या. हे द्रव पोटात जाता कामा नये, आणि गाडीच्या रंगावर पडलं तर लगेच पाण्यानं धुवावं, नाहीतर रंग उचलला जातो.)

आणखी एक खूण हवी होती. हँडब्रेक मागच्याच दोन चाकांना लागतो. घराशेजारच्या मोकळ्या मातीच्या प्लॉटवर मी एकटीच गाडीत बसून, माणूस चालतो तितक्या वेगानं, हँडब्रेक अर्धा ओढला. उतरून मागचे माग बघितले. उजव्या चाकाचा माग घसरत ओढल्यासारखा, डाव्याचा टायरच्या नक्षीसकट स्वच्छ उमटलेला. म्हणजे डावं चाक धरलं गेलंच नव्हतं, फिरत राहिलं होतं.

मामंजींनी त्यांची जुनी वही मागवली. गाडी घेतल्यापासूनची प्रत्येक दुरुस्ती त्यांनी त्यात तारखेसह लिहिली आहे. मागचे शू ६१ हजार किलोमीटरला बदललेले, गाडी आता ९८ हजारांवर. ब्रेक ऑइल पूर्ण बदलून पाच वर्षं. आणि मागचे व्हील सिलिंडर बदलल्याची नोंद कुठंच नाही. अठरा वर्षांचं रबर. वही मिटून ते म्हणाले, "मागचा डावा ड्रम उघडायला सांग. बाकी कशाला हात लावू देऊ नको."

ड्रम उघडला

या वेळी मी ट्रॅक्टर आणि जुन्या गाड्या करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घरीच बोलावलं. त्यांना माझं वहीचं पान वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हँडब्रेकची वायर कुणी ओढली?"

पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर घेतली, खाली लोखंडी घोडी दिली, मग चाक काढलं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका. ड्रम गंजानं घट्ट बसला होता. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत दोन बोल्ट घालून एकदा हा, एकदा तो, असं सारखं आवळत आणलं तसा ड्रम आपोआप बाहेर आला. हातोडी लागली नाही.

आत काळा चिखल झाला होता. व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबरी टोपण मिस्त्रींनी जरासं उचललं आणि आतून ऑइल ओघळलं. पिस्टनचं रबर गेलं होतं. ऑइल खाली जमिनीवर पडण्याआधी ड्रममध्येच शूच्या लायनरमध्ये मुरत होतं, म्हणून माझे पुठ्ठे कोरडे. शू झिजतील तसे त्यांना ड्रमजवळ आणणारा अॅडजस्टर त्या चिखलात जाम झाला होता. त्यामुळे शू आणि ड्रममध्ये अंतर वाढलेलं. पहिल्यांदा पेडल दाबलं की ते अंतर भरण्यातच पेडल खाली जायचं, दुसऱ्यांदा दाबलं की वर धरायचं. हँडब्रेकही त्याच अंतरामुळे ढिला होता. वायर ओढून ते झाकलं गेलं होतं, मिटलं नव्हतं.

मी फडकं घेऊन पुढं झाले तर मिस्त्रींनी थांबवलं. "फुंकू नका वैनी, झटकू बी नका." जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. त्याची धूळ छातीत गेलेली वाईट. म्हणून ती ओल्या फडक्यानंच पुसायची, हवेचा पाइप मारायचा नाही.

दोन्ही बाजूंचे व्हील सिलिंडर आणि चारही शू बदलले. एका बाजूचेच बदलले असते तर ब्रेक एकीकडे जास्त, एकीकडे कमी लागला असता. ऑइलनं भिजलेला लायनर पेट्रोलनं धुऊन किंवा पॉलिश पेपरनं घासून परत बसवायचा हट्ट धरू नये. तो आतपर्यंत प्यालेला असतो. अॅडजस्टर साफ करून फिरता केला, हँडब्रेकची वायर पुन्हा होती तिथं आणली.

शेवटी सगळं ऑइल बदललं. जुनं निघालं ते कोऱ्या चहासारखं होतं, नवीन जवळजवळ पाण्यासारखं. हे द्रव हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ प्रकारचं कोरडं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी प्यायलेलं १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. घाट उतरताना ब्रेक तापले आणि ते उकळलं की आत वाफ होते, वाफ हवेसारखी दाबली जाते आणि पेडल रिकामं जातं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं. उघडी राहिलेली जुनी बाटली वापरायची नाही, आणि डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचंच घालायचं. हवा काढायला मिस्त्रींनी मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली, मास्टर सिलिंडरपासून तेच सगळ्यात लांब. मी आत बसून "दाबा", "धरा", "सोडा" करत पाय हलवत होते. एकूण बिल पहिल्या बिलापेक्षा कमी आलं.

पहिले दोन दिवस मी एकटीनं रिकामी गाडी फिरवली. पुठ्ठे पुन्हा अंथरले. डबीवर पातळीच्या जागी स्केचपेननं रेघ मारली. चौथ्या दिवशी रेघ आणि पातळी तिथंच होती, तेव्हा शनिवारच्या पाळीला मामंजी गाडीत बसले. परत येताना अंकलीच्या पुलाअलीकडे त्यांचा डोळा लागला होता. घरी आल्यावर त्यांनी ज्वारीची मऊ भाकरी आणि मुगाची आमटी मागून घेतली.

सासूबाईंचे चार हात

आमच्या सासूबाई म्हणतात, मुनी महाराज चार हात जमीन बघून पाऊल टाकतात, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. गाडीत बसल्यावर आपले चार हात किती होतात, हे मी त्यांना एकदा गणित करून सांगितलं. ताशी ५० किलोमीटर वेगात एका सेकंदात गाडी १४ मीटर पुढं जाते. समोर काही दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत तेवढा एक सेकंद जातोच. मग ब्रेक चांगले आणि रस्ता कोरडा असला तरी थांबायला साधारण आणखी तेवढंच अंतर लागतं. म्हणजे २८ मीटर. त्या ऐकून गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मग तुझ्या ब्रेकची काळजी म्हणजे पाऊल बघून टाकण्यातलीच की." रस्त्यावर कुत्री, शेरडं, सायकलवरची पोरं, ट्रॉलीमागून अचानक येणारा मोटरसायकलवाला, सगळे त्या २८ मीटरांत असतात.

मैत्रिणींनो, तुमच्या घरीही जुनी गाडी असेल तर एवढं करा. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा, डबी पारदर्शक असते, झाकण उघडायची गरज नाही. पातळी भरभर उतरत असेल तर नुसती भर घालून घेऊ नका. ऑइल कुठं गेलं, हे मिस्त्रींना दाखवायला सांगा. गॅरेजला गेल्यावर "पॅड बदला", "हवा काढा" असं आपण सांगू नये. काय होतं, केव्हा होतं, पहिल्यांदा दाबल्यावर काय आणि दुसऱ्यांदा काय, हे सांगावं. एका कागदावर लिहून नेलं तर फार बरं. आणि कारण सापडेपर्यंत गाडी दारात राहू द्या. रिक्षाचे दणके परवडतात.

मामंजींच्या वहीत आता माझ्या अक्षरात नोंद आहे: मागचे दोन्ही व्हील सिलिंडर नवे, शू नवे, ऑइल नवं, ९८ हजार. पुढचं ऑइल दोन वर्षांनी, २०२६च्या कार्तिकात.